पाटणची शिळा

यात्रा म्हटली म्हणजे आमच्या घरांत पंढरपूर, नरसोबाची वाडी, फार झालें तर काशी, एवढींच नांवें निघावयाचीं. एका गणितज्ञाच्या नातवानें काढलेल्या पाठशाळेचा दगड पाहावयास आजोबांपासून नातीपर्यंत तीन पिढ्यांनीं मिळून निघावें, असा प्रसंग आमच्या कुळांत पूर्वीं कधीं आला नव्हता. तो गेल्या मार्गशीर्षांत आला. त्याची हकीकत येथें देत आहों. पाटणास जाणाऱ्यांस तिचा थोडाबहुत उपयोग होईल. आणि ज्यांच्या घरीं वडील माणसें व शिकलेलीं मुलें एकाच पंक्तीस जेवतात, त्यांस तींतील दुसरा भाग ओळखीचा वाटेल.

प्रथम घरचा मजकूर सांगितला पाहिजे. आमचे वडील, ज्यांस घरांत लहानथोर सारे अप्पा म्हणतात, त्यांनीं नाशकांत पस्तीस वर्षें हायस्कुलांत गणित शिकविलें. त्यांचें वय आज ब्यायशीं वर्षांचें आहे. दरवर्षीं जून महिन्यांत नव्या वर्गापुढें उभे राहिले कीं, पहिल्या दिवशीं फळ्यावर एकहि आंकडा न लिहितां ते लीलावतीची गोष्ट सांगत. भास्कराचार्यांच्या कन्येच्या पत्रिकेंत वैधव्ययोग होता. तो टाळण्यासाठीं आचार्यांनीं लग्नाचा अचूक क्षण काढिला व घटिकापात्र पाण्यावर सोडिलें. मुलगी कुतूहलानें वांकून पाहूं लागली, तों तिच्या वस्त्रावरील मोतीं पात्रांत पडून त्याचें छिद्र बुजलें. घटका भरली नाहीं, मुहूर्त टळला. आणि मग पित्यानें तिच्या नांवाचा अक्षय राहील असा ग्रंथ लिहिला. ही गोष्ट ऐकून आमची गणिताची भीति गेली, असें सांगणारे अप्पांचे विद्यार्थी आम्हांस आजहि भेटतात.

आमची पुतणी ही त्यांचीच चेली. अप्पांच्या मांडीवर बसून ती पाढे शिकली, पुढें गणित विषय घेऊन पदवीधर झाली, आणि दोन वर्षांपूर्वीं तिला एक निराळाच नाद लागला. गणिताच्या उत्तरापेक्षां तें उत्तर प्रथम कोणीं, कोठें, कोणत्या रीतीनें काढिलें, ह्याचा शोध तिला अधिक प्रिय झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालीं निघालेला ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ तिनें दोनदां वाचून काढिला. शिक्षकाची नोकरी करून, अवघ्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यांत, एका माणसानें एवढें काम कसें उरकिलें ह्याचें तिला मोठें नवल वाटे. मग तीहि लिहूं लागली. कॉलेजच्या वार्षिकांत तिचा पहिला लेख छापून आला, तो नेमका लीलावतीवर.

त्या लेखांत तिनें असें दाखविलें होतें कीं, मोत्याची ही गोष्ट भास्कराचार्यांच्या स्वतःच्या कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. ती आढळते फैझीनें अकबर बादशहासाठीं १५८७ सालीं केलेल्या फारशी भाषांतराच्या प्रस्तावनेंत. मूळ ग्रंथ ११५० सालचा. म्हणजे मध्यें चारशें वर्षांहून अधिक काळ लोटला. शिवाय ग्रंथांत आचार्य कोठें एखाद्या बालेला प्रश्न विचारतात, कोठें सख्याला, कोठें गणकाला, तर कोठें व्यापाऱ्याला. तेव्हां लीलावती ही आचार्यांची कन्याच होती असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं, असा तिचा निष्कर्ष होता. लेख घरांत सर्वांनीं वाचला. अप्पांनींहि वाचला, चष्मा पुसून घरांत ठेविला आणि “नीट लिहिलें आहेस,” एवढेंच म्हटलें. त्यानंतर चार महिने त्यांनीं तिच्याशीं गणिताचा एक शब्द काढिला नाहीं.

ह्याच सुमारास तिला पुण्याच्या एका कंपनीकडून नोकरीचें पत्र आलें. तिचें म्हणणें असें कीं, नोकरी मागाहून करतां येईल. आधीं दोन-तीन वर्षें संस्कृताचा आणि गणिताच्या इतिहासाचा नीट अभ्यास करूं द्यावा. आमचे थोरले बंधू, म्हणजे तिचे वडील, हे व्यवहारी गृहस्थ. “मेलेल्या माणसांचीं गणितें तपासून कोणाचा संसार चालतो?” हा त्यांचा प्रश्न. वहिनी दोघांच्या मध्यें. अशा वेळीं अप्पांचा शब्द पडला असता तर निकाल लागला असता. पण अप्पा गप्प. आणि मग एके दिवशीं दुपारच्या चहाच्या वेळीं ते आपण होऊन म्हणाले, “चाळीसगांवाजवळ भास्कराचार्यांच्या नातवाचा लेख आहे म्हणत होतीस ना? मला तो एकदां दाखवाल कां?”

आम्ही तिघे पहाटेच्या गाडीनें नाशिकरोडहून निघालों. निफाड, लासलगांव मागें पडलें. लासलगांवचा कांदा डब्यांत शिरला नाहीं, तरी त्याचा वास शिरला. मनमाडास उजाडून चांगलें ऊन पडलें. पुतणीनें वही काढिली. वाटेंत वेळ जावा म्हणून कीं काय कोण जाणे, तिनें आम्हांस लीलावतींतील एक उदाहरण घातलें: अडीच पळें केशर तीन-सप्तमांश निष्कास मिळतें, तर नऊ निष्कांस किती मिळेल? आम्हीं खिशांतून कागद काढिला, त्रैराशिक मांडलें, आणि छेद वर कीं खालीं ह्या विचारांत पडलों. इतक्यांत खिडकीबाहेर पाहत बसलेले अप्पा तोंड न वळवितां म्हणाले, “नवांत तीन-सप्तमांश एकवीस वेळां जातात. एकवीस अडीचे साडेबावन्न. साडेबावन्न पळें.”

पुतणी आमच्याकडे पाहून हंसली नाहीं; ती अप्पांकडेच पाहत राहिली. थोड्या वेळानें तिनें विचारिलें, “आजोबा, ही अडीचकी तुम्हांला कोणीं शिकविली?”

“सांगेन,” अप्पा म्हणाले आणि पुन्हां बाहेर पाहूं लागले. नांदगांव आलें होतें.

चाळीसगांवाहून पाटणादेवी नैर्ऋत्येस सुमारें अठरा किलोमीटर आहे. स्टेशनाबाहेर मोटार ठरवून आम्ही निघालों. दोहों बाजूंस कपाशीचीं शेतें होतीं, वेंचणी चालली होती. जसजसें पुढें जावें तसतशी डोंगराची ओळ जवळ येते आणि शेवटीं ती अर्धवर्तुळासारखी आपल्या भोंवतीं फिरते. रान सागाचें आणि पळसाचें. हा सर्व प्रदेश आतां गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत मोडतो. तें १९८६ सालीं जाहीर झालें. ह्याच डोंगरांत पितळखोऱ्याचीं प्राचीन बौद्ध लेणीं आहेत. पायथ्याशीं चंडिकादेवीचें देऊळ, आणि जवळच झाडींत हेमाडपंती बांधणीचें महादेवाचें देऊळ. आज येथें वाऱ्याचा आणि पांखरांचा आवाज तेवढा ऐकूं येतो; परंतु बाराव्या-तेराव्या शतकांत हें निकुंभ घराण्याचें नांदतें नगर होतें. निकुंभ हे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक.

आम्हीं देवीचें दर्शन घेतलें, ओटी भरली, आणि मग ज्यासाठीं आलों होतों त्या शिलालेखापुढें बसलों. अक्षरें आमच्यानें सलग वाचवलीं नाहींत. पुतणीनें लेखाची छापील प्रत बरोबर आणिली होती. ती प्रत वाची, अप्पा भिंगानें दगडावर तें तें अक्षर शोधीत, आणि एखादें सांपडलें कीं त्यांचें बोट तेथेंच थांबे.

हा लेख विद्वानांच्या नजरेस आणिला तो डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं. मूळचे गोव्यांतील मांद्र्याचे, मुंबईंत नांवाजलेले डॉक्टर. रोग्यांतून वेळ काढून त्यांनीं जुन्या लेखांचा शोध केला आणि १८६५ सालीं ह्या लेखाची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें कीलहॉर्न ह्या जर्मन पंडितानें त्याचें शुद्ध वाचन छापिलें. लेखांत भास्कराचार्यांची वंशावळ आहे. शांडिल्य गोत्रांतील त्रिविक्रम. त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्यास भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचे पुत्र हे आपले भास्कराचार्य. आचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता पाहून यादवराजा जैत्रपाळानें त्याला ह्याच नगरांतून आपल्या पदरीं नेलें. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. ह्या चांगदेवानें आजोबांचे ग्रंथ, सिद्धांतशिरोमणि आदिकरून, आणि घराण्यांतील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून येथें मठ काढिला. आणि सोइदेव निकुंभानें त्या मठास उत्पन्न लावून दिलें. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा पर्वकाळ. इंग्रजी गणनेनें ९ ऑगस्ट १२०७. ग्रहणें वर्तविणाऱ्याच्या ग्रंथांसाठीं दान द्यावयाचें, तें ग्रहणाच्याच मुहूर्तावर!

आचार्य स्वतः सांगतात कीं, आपला जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. छत्तिसाव्या वर्षीं आपण सिद्धांतशिरोमणि रचिला. आणि आपलें गांव सह्य पर्वताजवळील विज्जडविड. तें गांव म्हणजे हेंच पाटण कीं दुसरें कांहीं, ह्याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. मोटारवाल्यानें छाती फुगवून “आचार्य आमचेच” असें सांगितलें, तेव्हां पुतणी त्याला म्हणाली, “जन्म कोठें झाला तें सिद्ध व्हावयाचें आहे, पण त्यांची शाळा तुमच्या गांवीं होती, हें दगडावरच लिहिलें आहे.” तो गृहस्थ एवढ्यानेंहि संतुष्ट झाला. जवळच गिरणेच्या कांठीं बहाळ गांवीं शके ११४४ चा दुसरा लेख आहे. तो आचार्यांच्या भावाचा वंशज अनंतदेव, त्याचा. तेव्हां हें कूळ ह्या मुलखांत नांदत होतें, ह्याबद्दल शंका नाहीं.

लेखाचा वरचा भाग संस्कृतांत असून शेवटचा भाग मराठींत आहे, आणि आम्हांस विचाराल तर सर्व लेखांत तोच भाग आम्हांस अधिक आवडला. मठास कोणतें उत्पन्न लावून दिलें तें त्यांत सांगितलें आहे. पाटणच्या बाजारांत जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास जें मिळे, तें मठाला. गिऱ्हाइकाकडून पांच पोफळें. पहिल्या घाण्याची तेलाची लोटी. आणि जितके घाणे चालतील तितक्यांच्या मागें पळी पळी तेल. राजाचें दान आम्हीं पुष्कळ ऐकिलें होतें. परंतु तेल्याच्या पळीभर तेलावर आणि गिऱ्हाइकाच्या पांच सुपाऱ्यांवर गोलाध्यायाचा पाठ चालत होता, हें आम्हीं प्रथमच वाचिलें. ज्यांस त्यांतलें एक अक्षर कळत नसेल, त्यांच्या तेलानें विद्यार्थ्यांच्या समया जळत असतील.

दुपारीं महादेवाच्या देवळाजवळ झाडाखालीं बसून आम्हीं दशम्या सोडिल्या. मोटारवाल्यानें घरून कळण्याची भाकरी आणि वांग्याचें भरीत आणिलें होतें. त्यानें आग्रहानें आमच्या पानांत वाढलें. बोलतां बोलतां पुतणी चक्रवालाविषयीं सांगूं लागली. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ नीं गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच यावा, अशी लहानांत लहान संख्या कोणती? आचार्यांनीं बीजगणितांत चक्रवाल रीतीनें उत्तर काढिलें आहे तें २२,६१,५३,९८०. आणि त्यापासून येणाऱ्या वर्गाचें मूळ १,७६,६३,१९,०४९. फ्रान्समधील फर्मा ह्या गणितज्ञानें १६५७ सालीं हाच ६१ चा प्रश्न पुढें मांडिला, म्हणजे पांचशें वर्षांनीं. आम्हीं अभिमानानें मान डोलाविली. तेवढ्यांत ती म्हणाली, “पण काका, ही रीति सर्वस्वीं आचार्यांची असेंहि म्हणतां येत नाहीं. १०७३ सालच्या एका टीकेंत ती जयदेव नांवाच्या गणितज्ञाच्या नांवावर आहे.”

“म्हणजे हेंहि आमच्याकडून काढून घेतलेंस,” अप्पा म्हणाले.

ते चिडून बोलले नव्हते. पण ती कावरीबावरी झाली. आम्ही मध्यें कांहीं बोलणार, तों अप्पांनीं हात वर केला आणि आपण होऊन सांगूं लागले.

“सकाळीं विचारलेंस ना, अडीचकी कोणीं शिकविली? माझ्या आत्यानें. ती अकराव्या वर्षीं विधवा झाली आणि जन्मभर आमच्याच घरीं राहिली. शाळेची पायरी तिनें कधीं चढली नाहीं. संध्याकाळीं भाऊ ओसरीवर परवचा म्हणत, ती माजघरांत वाती वळीत ऐके. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळी तिला तोंडपाठ. मला तिनेंच शिकविली. लीलावतीची गोष्टहि तिनेंच सांगितली. कोठल्या कीर्तनांत ऐकली होती देव जाणे. गोष्ट संपली कीं ती प्रत्येक वेळीं एकच वाक्य म्हणे: ‘तिच्या बापानें तिच्यासाठीं ग्रंथ लिहिला, माझ्या बापानें मला पाटीसुद्धां दिली नाहीं.’ मी पस्तीस वर्षें वर्गांत ती गोष्ट सांगितली, ती आचार्यांसाठीं नव्हे. तूं ती खोटी ठरविलीस, तेव्हां मला वाटलें, ती बाई दुसऱ्यांदा पुसली गेली.”

आम्ही त्यांचे पुत्र असून हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आत्याबाईंचा एक फोटो माजघरांत आहे, पितृपक्षांत त्याला हार घालतात; त्यापलीकडे आमची त्यांची ओळख नव्हती.

पुतणी बराच वेळ बोलली नाहीं. आम्हांस भीति वाटली कीं आतां ती केवळ आजोबांचें मन राखण्यासाठीं कांहींतरी कबूल करील. तिनें तसें केलें नाहीं. ती म्हणाली, “आजोबा, मी लिहिलें तें मला मागें घेतां येणार नाहीं, कारण तें तसेंच आहे. पण माझा लेख फैझीपाशीं थांबला, ही चूक माझी. ती गोष्ट पुढें कोणत्या घरांत गेली, कोणीं कोणास सांगितली आणि तिनें कोणास गणित शिकविलें, हाहि इतिहासच आहे. तो मीं विचारलाच नाहीं. आत्याबाईंची गोष्ट आचार्यांची नसेल. पण आत्याबाईंची अडीचकी तर खरी ना? ती मला सगळी सांगा. त्यांचें नांव घालून मी लिहून ठेवितें.”

अप्पांनीं पावकीपासून सुरुवात केली. ते मांडी घालून, डोळे मिटून, ताल धरून म्हणत होते आणि ती भराभर लिहीत होती. मोटारवाला भाकरी हातांत धरून ऐकत राहिला. औटकीशीं, म्हणजे साडेतिनाच्या पाढ्याशीं, ते दोन ठिकाणीं अडखळले. तिनें मनांत हिशेब करून आंकडा सुचविला नाहीं. त्यांना आठवेपर्यंत ती थांबली. अडखळलेल्या ठिकाणींहि तिनें वहींत खूण केली. आम्हीं विचारिलें तेव्हां म्हणाली, “कोठें विसर पडतो, तेंहि नोंदविलेलें बरें.”

ऊन उतरूं लागल्यावर आम्ही परत निघालों. निघण्यापूर्वीं अप्पा पुन्हां एकदां एकटेच शिळेपाशीं गेले. काय करीत होते तें आम्हीं विचारिलें नाहीं.

घरीं आल्यावर दुसऱ्या दिवशीं जेवतांना अप्पांनीं बंधूंजवळ विषय काढिला. उपदेश केला नाहीं. पाटणच्या बाजारांत कोण काय देत असे, पांच पोफळें, तेलाची लोटी, पळी पळी तेल, एवढेंच सांगितलें, आणि म्हणाले, “माझ्या पेन्शनींतून दरमहा पळीभर तेल मी देईन. पुढें तुम्ही काय तें ठरवा.” बंधू जेवण होईपर्यंत बोलले नाहींत. हात धुवून आल्यावर म्हणाले, “नोकरीचें पत्र काहीं वर्षभर थांबावयाचें नाहीं. तें जाईल. दोन वर्षें कर अभ्यास. दोन वर्षांनीं पुन्हां बोलूं.” वहिनींनीं त्या रात्रीं देवाजवळ साखर ठेविली. दोन वर्षांनीं काय होईल तें आज कोणीं सांगावें? बंधूंची काळजी खोटी नाहीं, हें तीहि जाणते. सध्यां ती रोज सकाळीं संस्कृत शिकावयास जाते, आणि संध्याकाळीं अप्पा तिच्याकडून सिद्धांतशिरोमणींतील ग्रहगणित समजून घेतात. कोण कोणाचा गुरु, हें आतां सांगतां येत नाहीं.

ज्या वाचकांस पाटणास जावयाचें असेल त्यांनीं थंडीच्या दिवसांत जावें, सकाळीं लौकर पोंचावें, आणि बरोबर भिंग व विजेची बत्ती अवश्य ठेवावी. शके ११२८ च्या लेखाचें वाचन शं. गो. तुळपुळे ह्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ ह्या १९६३ सालच्या पुस्तकांत आहे. तें आधीं वाचून गेल्यास दगड अधिक बोलेल. आणि ज्यांस जाणें शक्य नसेल त्यांस आमची एकच विनंती आहे. घरांत कोणी ऐंशीच्या पुढचें माणूस असेल, तर त्यास पावकी-निमकी येते कां, आणि ती कोणीं शिकविली, एवढें आज रात्रीं विचारावें, आणि उत्तर येईल तें शिकविणाऱ्याच्या नांवासह वहींत उतरून ठेवावें.